जाड माणसांनी राइडच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी

गोव्याबाहेरच्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात पाऊण तास रांगेत काढून मी रोलरकोस्टरच्या आसनावर बसले, खांद्यांवरून येणारा हार्नेस खाली ओढला आणि त्याला जोडलेल्या पट्ट्याचे टोक बकलपासून चार बोटांवर येऊन अडले. तिथल्या मुलाने हार्नेस दोनदा दाबून पाहिला आणि मग खाली वाकून, शेजारी बसलेल्या माझ्या भाच्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात तो म्हणाला, ‘ताई, लागत नाही.’ मी उतरले. माझ्यापेक्षा दहा किलोंनी जड, पण सहा फूट उंच असलेले माझे दीर मात्र त्याच गाडीत आरामात बसून फिरून आले. प्रवेशापाशी मुलांची उंची मोजण्यासाठी रंगीत फळी होती. मोठ्या माणसाच्या छातीविषयी किंवा पोटाविषयी तिथे अक्षरही लिहिलेले नव्हते.

त्या दिवशी कळले ते असे की, आसनाला पट्टा आणि हार्नेस असलेल्या बहुतेक राइडवर अडचण एकूण वजनाची नसते, ते वजन शरीरात कुठे साठले आहे याची असते. म्हणून घरातून निघण्यापूर्वी वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा आहे. खुर्चीत ताठ बसून छातीचा आणि पोटाचा सर्वांत रुंद भागावरचा घेर मोजावा, तसेच मांड्या जुळवून त्यांची एकत्रित रुंदी घ्यावी. उभ्याने घेतलेले माप इथे उपयोगाचे नाही, कारण बसल्यावर पोट पुढे येते आणि आपल्याला आसनात धरून ठेवणारी दांडी येऊन टेकते ती नेमकी तिथेच. उंच माणसाने आसनापासून डोक्यापर्यंतची बसती उंचीही पाहून ठेवावी, कारण खांद्यांवरचा हार्नेस काही वेळा पोटाआधी खांद्यांशीच अडतो.

ही मापे हाताशी असली की उद्यानाला फोन करून नेमके प्रश्न विचारता येतात. ‘जाड माणसाला चालते का?’ या प्रश्नाला पलीकडून बहुधा ‘हो, चालते’ असेच उत्तर मिळते आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही. त्याऐवजी राइडला हार्नेस आहे की लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारी दांडी, तो प्रत्येकाला स्वतंत्र आहे की दोघांत एक, हार्नेसला वेगळा बेल्ट जोडलेला आहे का आणि रांगेच्या सुरुवातीला बसून पाहण्यासाठी नमुन्याचे आसन ठेवले आहे का, असे विचारावे. गोव्यातून पुष्कळ कुटुंबे खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानाला जातात. तिथला नायट्रो हा पायांखाली तळ नसलेला कोस्टर आहे. अशा कोस्टरवर खांद्यांवरून हार्नेस येतो आणि छाती रुंद असलेल्यांनी त्याच्याविषयी आधी चौकशी करावी. परदेशांतील अनेक उद्यानांत नमुन्याचे आसन प्रवेशापाशीच असते आणि काही कोस्टरच्या ठरावीक ओळींत मोठ्या शरीरासाठी दुहेरी बेल्टची आसने असतात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या युनिव्हर्सल उद्यानात २०१० साली सुरू झालेल्या एका राइडवरून सुरुवातीला अनेकांना परत पाठवावे लागले, तेव्हा त्यांनी प्रत्येक ओळीतील कडेची आसने बदलून घेतली. म्हणून कर्मचाऱ्याला ‘कोणत्या ओळीत जागा जास्त आहे?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये. रोज शेकडो माणसे बसवणाऱ्याला ते तोंडपाठ असते.

बसण्याचीही एक रीत आहे. खिशातील मोबाइल, कंबरेची पिशवी आणि जाड चामडी पट्टा आधी काढून ठेवावा. पार्श्वभाग आसनाच्या अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवून पाठ टेकवावी, कारण बसण्यात दोन बोटांची ढिलाई राहिली तरी पोट तेवढेच पुढे येते. लॅप बार असेल तर दोन्ही हातांनी पोट किंचित वर उचलून दांडी त्याच्या खालून मांड्यांवर घ्यावी, कारण तिची खरी जागा मांडीच्या मुळाशी असते. पोटावर टेकलेली दांडी बंद झाल्यासारखी वाटते, पण झटका बसला की मऊ पोट दबते आणि शरीर व दांडी यांच्यात फट पडते. श्वास सोडून दांडी एक खटका आणखी खाली येत असेल तर हरकत नाही. मात्र त्यानंतर नेहमीसारखा श्वास घेता येत नसेल, तर ती राइड आपल्यासाठी नाही असे समजून उठावे.

कर्मचारी दयाळूपणाने जोर लावून हार्नेस बसवू पाहत असेल, तर त्याला थांबवावे. २४ मार्च २०२२ रोजी अमेरिकेतील ऑर्लँडो येथे उंचावरून सरळ खाली सोडणाऱ्या एका राइडवरून १४ वर्षांचा एक मुलगा पडून मरण पावला. उत्पादकाच्या पुस्तिकेत वजनाची मर्यादा सुमारे १३० किलो होती आणि मुलाचे वजन त्याहून बरेच अधिक होते. त्याच्या आसनाचा संवेदक (सेन्सर) हाताने बदलून ठेवल्यामुळे हार्नेस नेहमीपेक्षा जास्त उघडा राहूनही यंत्राने त्याला सुरक्षित मानले, असे चौकशीत आढळले. हार्नेसबरोबर दुसरा बेल्ट तिथे नव्हताच. मला अडवणाऱ्या त्या मुलाचा मी परतीच्या बसमध्ये बराच वेळ राग केला होता. ही बातमी वाचल्यावर तो राग उरला नाही.

गोव्यातल्या गोव्यात मात्र हिशेब बदलतो, कारण इथे कोस्टरपेक्षा पाणी आणि दोर अधिक आहेत आणि तिथे वजनालाच महत्त्व आहे. मये तलावाजवळच्या ५५ मीटर उंचीच्या बंजी उडीसाठी वरची मर्यादा ११० किलोंची आहे. उडीआधी वजन केले जाते आणि त्यानुसार दोर निवडला जातो, म्हणून घरच्या काट्यावर १०८ दिसले तरी कपडे आणि न्याहारी धरून काय होईल ते आधीच पाहावे. इथे दोन किलो लपवणे म्हणजे दोराचा हिशेब स्वतःच बिघडवणे होय.

हणजूणच्या स्प्लॅशडाऊनसारख्या वॉटरपार्कमध्ये प्रत्येक घसरगुंडीच्या पायथ्याचा फलक वाचूनच जिना चढावा. वर पोचल्यावर परत उतरणे गुडघ्यांना फार जड जाते. जड शरीर वळणावर कडेला अधिक वर चढते, म्हणून हात छातीवर आणि पाय जुळलेले ठेवण्याची सूचना आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. ट्यूबवर दोघे-तिघे बसणार असतील तर सर्वांच्या वजनाची बेरीज आणि बसण्याचा क्रम हे दोन्ही पाहावे लागतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ७ ऑगस्ट २०१६ रोजी सुमारे ५१ मीटर उंचीच्या घसरगुंडीवर तिघांचा तराफा हवेत उचलला जाऊन दहा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. तिथे एकत्रित वजनाची मर्यादा १८१ ते २४९ किलो ठरवलेली होती, आणि हलका मुलगा पुढे व दोन प्रौढ स्त्रिया मागे बसल्या होत्या. आपल्याकडच्या घसरगुंड्या इतक्या राक्षसी नाहीत, तरी कोणी कुठे बसायचे हे कर्मचाऱ्यालाच ठरवू द्यावे. पोहण्याचा नायलॉनचा पोशाख मात्र घरूनच न्यावा, कारण भाड्याने मिळणाऱ्यांत मोठी मापे लवकर संपतात किंवा मुळातच नसतात.

कळंगुट, बागा किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंगसाठी जाताना जोडीने उडण्याचा हट्ट सोडावा, कारण वारा मंद असेल तर दोघांचे वजन उचलले जात नाही आणि पाय पाण्याला टेकतात. मांड्यांभोवतीचे पट्टे लावल्यावर मोकळे चालून पाहावे. लाइफ जॅकेटविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो, तो म्हणजे जाड माणसाला ते तरंगवू शकत नाही. वस्तुतः चरबी पाण्यात तरंगते आणि प्रौढांचे जॅकेट छातीच्या घेरावरून निवडायचे असते. सगळी बकले लावल्यावर सोबत्याला दोन्ही खांद्यांशी धरून जॅकेट वर ओढायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकले तर मोठे आहे, आणि बकल लागतच नसेल तर दुसरे मागावे. ‘एक बकल उघडे राहिले म्हणून काय झाले’ असे कोणी म्हटल्यास होडीत पाय ठेवू नये.

राहता राहिली जत्रा. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत खाजे घेऊन पाळण्यांकडे वळले की मर्यादेचा फलक दिसेलच असे नाही, तेव्हा निर्णय आपणच घ्यायचा. इथला खरा धोका सामाईक दांडीचा असतो. ती आपल्या पोटाशी येऊन थांबते आणि शेजारच्या लहान मुलाच्या मांडीपासून वीतभर दूर राहते; आपण घट्ट, मूल मोकळे. म्हणून गोल फिरणाऱ्या किंवा हेलकावणाऱ्या पाळण्यात भाचा-भाचीला आपल्याशेजारी बसवू नये, त्यांना त्यांच्याच चणीच्या मोठ्या भावंडाबरोबर बसवावे आणि आपण तशाच चणीच्या माणसाबरोबर बसावे. आकाशपाळण्यात बसताना पाळणेवाल्याने ‘काकी, तुम्ही पुढच्या डब्यात या’ असे म्हटले तर ते मनाला लावून घेऊ नये, कारण समोरासमोरचे डबे सारख्या वजनाने भरले नाहीत तर चाक हिसके देते, आणि तो आपल्याला पाहून समोरच्या डब्यात कोण बसवायचे ते ठरवत असतो.