सागवानावर काम करताना: धार, तेल आणि ग्लू

सागवान दिसतं तितकं कठीण नाही. चांगलं वाळल्यावर घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, रेषा बहुतेक सरळ असते, आणि वाळताना ते फारसं पिळत नाही. अडचण येते ती लाकडातल्या सिलिकेमुळे (वाळूसारखे कठीण कण) आणि तेलामुळे. सिलिका हत्याराची धार खाते, तेल ग्लू आणि पॉलिश धरू देत नाही. सागवानात बिघडणारी बहुतेक कामं या दोन कारणांनीच बिघडतात.

फळी निवडताना रंगावर जाऊ नका. ताज्या कापलेल्या गाभ्यावर पट्टे दिसतात, पण उजेडात राहिल्यावर रंग बराचसा एकसारखा सोनेरी तपकिरी होतो. बघायचं ते कडेचा फिकट, पांढरट-पिवळा भाग किती आहे. सागवानाला कीड लागत नाही हे फक्त पक्व गाभ्याबद्दल खरं आहे. या फिकट भागाला भुसा पाडणारी कीड लागते. चौकटीत तो भिंतीच्या बाजूला लपवला तर कीड दिसेपर्यंत उशीर होतो. कोवळ्या झाडात हा भाग जास्त असतो आणि गाभाही तितका टिकाऊ नसतो.

सागवान हळू वाळतं, आणि एकाच गठ्ठ्यातल्या फळ्या वेगवेगळ्या वेगाने वाळतात. त्यामुळे एक फळी तपासून सगळ्या वाळल्या असं समजू नका, ओलावा मोजायचं मीटर प्रत्येकीला लावा. घरातल्या कामासाठी ओलावा १० ते १२ टक्के हवा. १८ टक्क्यांवर जोडलेली १०० मिमी रुंद फळी १० टक्क्यांवर आली की सुमारे दीड मिमी आकसते. वलयांना काटकोनात कापलेली असेल तर साधारण निम्मीच.

आता धार. मशिनवर कार्बाइडची (पोलादाहून कठीण मिश्रणाची) पाती वापरा. हाताच्या रंध्याच्या पात्याला ३० ते ३५ अंशांची धार लावा. त्याहून पातळ धार लवकर तुटते. धार गेली की फळी आधी सांगते: रंधा मारलेल्या जागी चमक जाते, सालपं तुटक पडतात, आणि बोट आडवं फिरवलं की केसाएवढी उंच रेघ लागते. पात्याला तिथे खाच पडलेली असते. अशा वेळी जोर लावू नका, पातं काढून धार लावा. जोर लावला की तंतू उपटतात आणि तो खड्डा घासूनही सहज जात नाही.

ग्लू मात्र सर्वांत जास्त काळजीचं काम. उखडलेला सांधा नीट बघा: ग्लूचा थर एका बाजूला काचेसारखा गुळगुळीत निघालेला असेल आणि त्यावर लाकडाचा एकही तंतू नसेल, तर ग्लू धरलाच नव्हता, तो तेलावर बसला होता. म्हणून सांध्याचे पृष्ठभाग जोडायच्या दिवशीच ताजे रंधा. मग स्वच्छ पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन पुसा. कापड पिवळं पडेल. ते बदलून, पिवळेपणा कमी होईपर्यंत दोन-तीनदा पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको. ॲसिटोन उडालं की १५ मिनिटांच्या आत ग्लू लावा, कारण आतलं तेल पुन्हा वर येतं. आदल्या दिवशी पुसून ठेवण्यात काही अर्थ नाही.

घरातल्या कामाला चांगला पांढरा ग्लू चालतो, पावसात राहणाऱ्या कामाला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा ग्लू) घ्या. इपॉक्सीला क्लॅम्प फार आवळू नका, सगळा ग्लू बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. क्लॅम्प २४ तास ठेवा. मोठं काम असेल तर आधी त्याच फळीचे दोन तुकडे जोडून तोडून बघा; सांध्याशेजारचं लाकूड फाटलं तर पद्धत बरोबर आहे.

स्क्रूला भोक पाडल्याशिवाय हात लावू नका, टोकाजवळ लाकूड चिरतं. ४ मिमीच्या स्क्रूला ३ मिमी भोक. पितळी स्क्रूआधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, नाहीतर पितळेचं डोकं तुटून हातात येतं.

पॉलिश पेपर १२०, १५०, १८० या क्रमाने. तेलामुळे पेपर भरतो, वरचेवर झटका. तेलावर आधारित व्हार्निश सागवानावर दिवसेंदिवस चिकट राहू शकतं. त्याआधी पृष्ठभाग पुसून मेण काढलेल्या चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात द्या. तेलच लावणार असाल तर १५-२० मिनिटांनी वरचं पुसून घ्या. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

सागवानाच्या भुशाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येतं, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्या भुशानेही त्रास होतो. घासताना एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्या ठेवा. घाम आला की भुसा मानेवर आणि कोपराच्या आत चिकटून राहतो, म्हणून काम संपताच तिथे पाण्याने धुवा.