मॉडेलमध्ये 'नेम' फील्डच नसेल तर?

मॉडेल म्हणजे डेटाबेसातल्या टेबलाचं कोडमधलं रूप आणि फील्ड म्हणजे त्यातला एक कॉलम. ड्रॉपडाउन उघडला आणि आत 'बुकिंग ऑब्जेक्ट (१)', 'बुकिंग ऑब्जेक्ट (२)' अशी रांग दिसली, तर त्यातून कुणी काय निवडायचं? जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये हे हमखास होतं. बुकिंग, पेमेंट, हजेरी या नोंदींना मुळात नावच नसतं. ओडू हे व्यवसायासाठीचं सॉफ्टवेअर मात्र 'नेम' शोधतं. केकपीएचपी हे पीएचपीचं फ्रेमवर्क 'नेम', 'टायटल' असे कॉलम शोधतं आणि काहीच सापडलं नाही तर प्रायमरी की, म्हणजे नोंदीचा आयडी, दाखवतं.

म्हणून टेबलात नावाचा कॉलम घालावासा वाटतो. कृपा करून घालू नका. बुकिंगची तारीख बदलली की त्या कॉलमातलं नाव खोटं ठरतं, आणि ते सुधारायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आधी हे ठरवा, की वापरणारा माणूस ती नोंद कशावरून ओळखतो. बुकिंगसाठी ग्राहक, खोली आणि तारीख पुरे. फोन नंबर नको, कारण यातून बनणारं लेबल, म्हणजे नोंदीचं दिसणारं नाव, प्रोग्रामच्या लॉगमध्येही उमटतं.

मग ते फ्रेमवर्कला सांगा. जँगोच्या मॉडेलमध्ये 'एसटीआर' मेथड लिहा, रेल्स या रूबीच्या फ्रेमवर्कमध्ये 'टू-एस'. केकपीएचपीत 'सेट-डिस्प्ले-फील्ड' वापरा. ओडूत एकच फील्ड पुरत असेल तर 'रेक-नेम'. दोन-तीन जोडायची असतील तर आवृत्ती १७ पासून 'डिस्प्ले-नेम'ची कंप्यूट मेथड (नाव तिथल्या तिथे बनवणारी), त्याआधी 'नेम-गेट'.

लेबल बनवताना रिकाम्या फील्डचा विचार हवाच. ग्राहक नसलेलं एकच बुकिंग निघालं आणि मेथड ग्राहकाचं नाव मागू लागली, तर अख्खं पान कोसळतं.

सगळ्यात जास्त त्रास वेगाचा होतो, आणि तो उशिरा कळतो. लेबलात ग्राहकाचं नाव असेल तर १०० ओळींसाठी यादीची १ आणि ग्राहकांच्या १०० अशा १०१ क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) जाऊ शकतात. ग्राहक यादीसोबत एकदमच आणायला जँगोत 'सिलेक्ट-रिलेटेड', रेल्समध्ये 'इन्क्लूड्स' लावा. जँगो अ‍ॅडमिनच्या (जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांच्या) यादीला 'लिस्ट-सिलेक्ट-रिलेटेड' आहे, पण फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनसाठी नोंदी आणणारी क्वेरीसेट वेगळी सांभाळावी लागते. ते बरेचदा राहून जातं.

असं लेबल डेटाबेसात नसतं, त्यामुळे त्यावर थेट शोधही चालत नाही. जँगो अ‍ॅडमिनच्या 'सर्च-फील्ड्स'मध्ये ग्राहकाच्या नावाचा खरा कॉलम द्या. ओडूत त्यासाठी 'रेक-नेम्स-सर्च' आहे.

लोकांना फोनवर किंवा कागदावर नोंद सांगावी लागत असेल, तर मात्र बुकिंग क्रमांकाचा वेगळा, युनिक कॉलम जरूर ठेवा. तो एकदा दिला की बदलू नका.