विचारशैली आणि व्यक्तिमत्त्व: या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात ‘विचारशैली आणि व्यक्तिमत्त्व’ हा विषय मी लघुप्रबंधासाठी निवडला, तेव्हा माणसांचे चार-सहा कप्पे पाडायचे आणि ज्याला त्याला त्याच्या कप्प्यात बसवायचे, एवढीच माझी कल्पना होती. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेले व्यक्तिप्रकार आधीच वाचले असल्याने ती अधिकच पक्की झाली होती.

सुरुवात हर्मन विटकिन यांच्या संशोधनापासून केली. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात अंधाऱ्या खोलीत एक प्रकाशमान, तिरकी चौकट आणि तिच्या आत तशीच एक दांडी दिसते, आणि ती दांडी ओळंब्याच्या रेषेत उभी करायची असते. काहींना चौकटीच्या कलाकडे दुर्लक्ष करून हे जमते, तर काहींची दांडी चौकटीबरोबरच कलते. पहिल्यांना क्षेत्रनिरपेक्ष आणि दुसऱ्यांना क्षेत्रावलंबी म्हटले गेले. शिवाय क्षेत्रावलंबी माणसे अनिश्चित प्रसंगी इतरांच्या मताचा आधार अधिक घेतात, असेही विटकिन यांचे प्रतिपादन होते. आकलनापासून थेट स्वभावापर्यंत जाणारा हा धागा फार मोहक आहे आणि मी त्यात पुरती अडकले. गुंतागुंतीच्या चित्रात लपलेल्या आकृत्या शोधण्याची चाचणी मी घेतली, आणि ज्यांनी आकृत्या झटपट शोधल्या त्यांना ‘स्वतंत्र वृत्तीचे’ ठरवून मोकळी झाले.

मसुदा वाचून मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, की या चाचणीत क्षेत्रावलंबी माणसाला जास्त गुण कुठे मिळतात? उत्तर होते, कुठेच नाही. शैली म्हटली की दोन्ही टोकांना आपापले बळ असायला हवे. जिथे एकच टोक नेहमी बरोबर ठरते, तिथे आपण बहुधा शैली नव्हे, क्षमता मोजत असतो. या चाचण्यांचे गुण अवकाशीय क्षमतेशी (आकार आणि दिशा मनात ताडण्याच्या कौशल्याशी) आणि बुद्धिमापनाशी निगडित असतात, हा आक्षेप जुनाच आहे. तो मी वाचलाही होता, मात्र टिपणवहीच्या समासात टाकून विसरले होते. निष्कर्षांचे प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

त्यानंतर मी जॉन कॅसिओप्पो आणि रिचर्ड पेटी यांनी १९८२ मध्ये नव्याने मांडलेल्या ‘विचाराची ओढ’ या संकल्पनेकडे वळले. माणसाला किती विचार करता येतो यापेक्षा त्याला विचार करण्यात किती रस वाटतो, हे तीत पाहिले जाते. मी तर म्हणेन, नवख्याने इथूनच आरंभ करावा, कारण क्षमता आणि कल यांतील फरक इथे स्वच्छ दिसतो.

व्यक्तिमत्त्व मोजण्याविषयीचा भाबडेपणा उतरवायला वॉल्टर मिशेल वाचावेत. व्यक्तिमत्त्वाच्या मापनावरून विशिष्ट प्रसंगातील वर्तनाचा अंदाज बांधू गेल्यास सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींशी किती जुळून बदलतात याचे माप, पूर्ण जुळणी म्हणजे १) ०.३० च्या पुढे क्वचितच जातो, असे त्यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. पुढे युइची शोडा यांच्यासह १९९५ मध्ये त्यांनी मांडलेला विचार मला अधिक उपयोगी वाटला. दोन मुलांचा सरासरी चिडखोरपणा सारखाच असला, तरी एक सवंगड्यांनी डिवचल्यावर चिडतो आणि दुसरा मोठ्यांनी ताकीद दिल्यावर. म्हणजे कोणता प्रसंग कोणाला कसा जाणवतो, त्याचा अर्थ तो काय लावतो आणि त्यातून काय अपेक्षितो, या प्रक्रियांतच त्या मुलाची ओळख दडलेली असते. सरासरी काढली की नेमकी तीच पुसली जाते.

प्रश्नावल्या गोळा करण्याआधी एक सराव मात्र स्वतःवर करून पाहावा. जॉर्ज केली यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार परिचयातील तिघांची नावे घ्यायची, त्यांपैकी कोणते दोघे कोणत्या बाबतीत सारखे आणि तिसरा कसा वेगळा, हे लिहायचे, आणि तिघे बदलत हेच पुन्हा पुन्हा करायचे. माझ्या वीस तुलनांपैकी अकरांमध्ये ‘शब्द पाळणारा’ आणि ‘ऐनवेळी टाळणारा’ हीच जोडी वेगवेगळ्या शब्दांत आली होती. वहीतली माणसे बदलत होती, मोजपट्टी माझीच होती. लघुप्रबंधासाठी मी सहभागींना ‘विश्वासू’ आणि ‘बेभरवशाचे’ अशा ज्या खुणा केल्या होत्या, त्या त्याच संध्याकाळी खोडल्या.