पेठेचा खेळाडू ते पोरांचा कोच: कोल्हापुरातला माझा अनुभव

आमच्या पेठेत फुटबॉल कुणी शिकवत नसतं. पोरगं चालायला लागलं की बोळात बॉल मारतं, आठवी-नववीत तालमीच्या (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच) दारात घुटमळतं आणि पाय चांगला असेल तर एक दिवस शाहू स्टेडियमवर जर्सी घालून उतरतं. मीही असाच उतरलो. बारा हंगाम डाव्या बगलेला खेळलो. बाराव्यात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं आणि नऊ महिने मैदान बंद. आता पुढं काय, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला. आज विशी-पंचविशीत खेळणारी पोरं "नंतर कोचिंग करू की" म्हणतात. मीही तेच म्हणायचो, म्हणून हे लिहितोय.

कोच म्हणून पहिल्या दिवशी एका शाळेच्या मैदानावर 24 पोरं आली. मी त्यांच्या दोन रांगा केल्या. एकेकानं पुढं यायचं, मी पास द्यायचा, त्यानं गोलात मारायचं. आम्ही तसंच शिकलो होतो. माझ्याबरोबर खेळलेला एक दोस्त कठड्यावर बसला होता. तास संपल्यावर म्हणाला, "भावा, त्या निळ्या शर्टातल्या पोराकडं कवाधरनं बघालोय. तासात नऊ वेळा बॉल लागला त्याला. बाकी वेळ रांगेत उभा राहून नाकात बोट!"

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी रांगा मोडल्या. विटा ठेवून तीन छोटी मैदानं आखली, चार विरुद्ध चार. गोंधळ झाला, आरडाओरडा झाला, पण निळ्या शर्टाला बॉल किती वेळा लागला ते मोजता आलं नाही. बॉलही बदलले. आपल्याकडं सात वर्षांच्या पोरालाही मोठ्यांचा 5 नंबरचा बॉल देतात. त्याचं वजन 410 ते 450 ग्रॅम, लहान पायाला तो दगडच. बारा वर्षांखालच्यांना 4 नंबर आणि त्याहून लहानांना 3 नंबर द्या. बॉल उचलून मारायची भीती आपोआप जाते.

खरी अडचण वेगळीच निघाली. एका पोरानं विचारलं, "सर, क्रॉस नेमका कधी मारायचा?" क्रॉस म्हणजे बगलेवरनं गोलसमोर टाकलेला बॉल. बारा वर्षं मी क्रॉस मारले आणि मला उत्तर देता येईना. "कळतं ते आपोआप," म्हणालो. पोरगं मान हलवून गेलं, पण त्याला काही कळलं नव्हतं. घरी जाऊन मोबाईलमधल्या माझ्याच जुन्या सामन्यांच्या क्लिप पुन्हा पुन्हा थांबवून बघितल्या. तेव्हा लक्षात आलं की समोरचे बचावपटू आपल्या गोलकडं तोंड करून मागं पळत असले की मी बॉल सोडायचो. पळता पळता त्यांना बॉल आणि आपला स्ट्रायकर एकदम दिसत नाहीत. ते वळून उभे राहिले की तोच क्रॉस डोक्यानं सहज बाहेर काढतात. पायाला हे माहीत होतं, तोंडाला नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला एवढंच सांगितलं, "त्यांची पाठ तुला दिसली की मार."

डी लायसन्सच्या, म्हणजे कोचिंगच्या पहिल्या परवान्याच्या कोर्सला हेच पुन्हा अंगावर आलं. तिथं प्रत्येकाला सराव घेऊन दाखवावा लागतो. माझा झाल्यावर प्रशिक्षकांनी विचारलं, "बोलण्यात किती वेळ घालवलात?" "दोनेक मिनिटं, सर." त्यांनी घड्याळ दाखवलं. सात मिनिटं. मैदानात नाव असलं की माणूस भाषण फार करतो, हे तिथं कळलं.

आता कागदांचं. भारतीय फुटबॉल महासंघाची लायसन्स खालून वर डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढत जातात. डीला वयाची 18 वर्षं पुरी हवीत. पण लायसन्स मिळालं म्हणून शाळेत क्रीडाशिक्षक होता येत नाही, त्याला बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते. सरकारी प्रशिक्षकाच्या जागांना बहुतेक वेळा पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा मागतात. माझ्या ओळखीतल्या एकानं या तिन्हींची सरमिसळ केली आणि दोन वर्षं चुकीच्या कोर्सला घातली. कुठं काम करायचं ते आधी ठरवा, मग फी भरा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण पेठेच्या सामन्यातले गोल तिथं चालत नाहीत. ठरावीक राज्य-राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची पडताळणी होते. ती आईच्या ट्रंकेतून आजच काढून ठेवा.

पैशाचं सांगायचं तर तालमीच्या संघाचं मानधन हंगामापुरतं. एका अकादमीनं माझे तीन महिन्यांचे पैसे आजवर दिलेले नाहीत. तेव्हापासून तोंडी बोलीवर काम घेत नाही. तालमीचा कोच व्हायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा. पाटाकडील-दिलबहार या दोन तालमींसारख्या चुरशीच्या सामन्यात हरलात तर आठवडाभर चहाच्या टपरीवर प्रत्येकजण तुम्हाला टीम लावून दाखवणार. मला त्यापेक्षा दहा वर्षांची पोरं बरी वाटतात. त्यांच्या आईबापांचं मात्र तसं नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून "आमचा कधी दिसणार टीव्हीवर?" हे दर महिन्याला ऐकतो. पोरांपेक्षा पालकांना आवरण्यात शक्ती जास्त जाते.

गुडघ्याबद्दल एक बोलायचं राहिलं. आमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या, त्याही गप्पा मारत. फिफाचा 11+ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे. उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम असं त्यात असतं. बॉल लागत नाही, पैसे लागत नाहीत. मला तो ऑपरेशननंतर कळला. माझी पोरं पहिल्या दिवसापासून करतात आणि करताना कुरकुरतात.

तुम्ही अजून खेळत असाल तर आठवड्यातले दोन दिवस लहान पोरं घ्यायला आत्ताच सुरुवात करा, फुकट घ्या हवं तर. कोर्ससाठी पावसाळा बघा. आपला हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि जूनपासून मैदानात नुसता चिखल. या जुलैतही माझी पोरं शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर पास मारतायत आणि मी सी लायसन्सची वही काढून बसलोय. निळा शर्टवाला आता चौदा वर्षांचा आहे. मघाशी येऊन म्हणाला, "सर, धाकट्या पोरांना मी घेऊ का थोडा वेळ?" शिट्टी दिली. पहिलं काय केलं असेल त्यानं? रांग लावली.