पोटाच्या तज्ज्ञाकडे जाण्याआधी: ‘पित्त’ म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडे पोटाची निम्मी दुखणी ‘पित्त’ आणि ‘गॅस’ या दोन शब्दांत उरकतात. छातीत जळजळ, मळमळ, करपट ढेकर, सगळं पित्तच. घरात हे चालतं. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टसमोर, म्हणजे पोटाच्या तज्ज्ञासमोर, एवढ्याने भागत नाही. तपासण्या कोणत्या करायच्या हे ते तुमच्या सांगण्यावरूनच ठरवतात.

१. जायचं की थांबायचं?
लग्नाच्या जेवणानंतरचा दोन दिवसांचा त्रास फॅमिली डॉक्टर बघतील. पण वजन आपोआप घटतंय, घास अडकतोय, शी डांबरासारखी काळी होतेय, रक्त पडतंय, हिमोग्लोबिन उतरलंय, कावीळ दिसतेय किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवयच बदललीय, तर तज्ज्ञ गाठा. रक्त म्हणजे मूळव्याधच, असं घरी ठरवू नका. माझ्या आईने संकोचापोटी तीन महिने कुणाला सांगितलंच नाही. ते तीन महिने मला अजून टोचतात.

छातीवर दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर मात्र ‘गॅस’ म्हणून सोडा पीत बसू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा.

२. आठवडाभर वहीत लिहा
उपाशीपोटी दुखतं की जेवल्यावर? आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं का? दुखण्याने रात्री जाग येते का? दूध प्यायल्यावर पोट फुगतं का? शौच दिवसातून किती वेळा, खडे होतात की पातळ, आव पडते का? लाजण्यासारखं यात काही नाही. दुखतं ती जागा एका बोटाने दाखवता आली तर उत्तम.

३. गोळ्यांची पिशवी सोबत न्या
जुन्या रिपोर्टांसोबत चालू असलेलं प्रत्येक औषध न्या, गुडघ्यासाठीची वेदनाशामक गोळी आणि रोजचं चूर्णसुद्धा. वेदनाशामकांनी जठरात व्रण (अल्सर) होऊ शकतात. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते, तेही डॉक्टरांना कळायला हवं.

व्रणाचं खापर आपण तिखटावर फोडतो. प्रत्यक्षात त्यामागे पुष्कळदा एच. पायलोरी नावाचा जिवाणू असतो. हे पटवण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन दाखवला. 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर या जिवाणूची तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. म्हणून ती गोळी तपासणीच्या साधारण दोन आठवडे आधी थांबवतात, पण डॉक्टरांना विचारूनच.

४. दुर्बिणीची तपासणी सांगितली तर
एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघायला, सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं. घशात बधिरतेचा स्प्रे मारतात आणि काही मिनिटांत काम होतं. गुंगीचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत कुणीतरी हवं. त्या दिवशी गाडी चालवू नका. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, खरा त्रास आदल्या दिवशीच्या रेचाचा. तो अर्धवट घेतला तर आतडं नीट दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागू शकतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधीच सांगा.

५. उठण्यापूर्वी विचारा
औषध जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि बंद कधी करायचं? मेडिकलमधून तीच पट्टी वर्षानुवर्षं आणत राहू नका. तुकडा तपासायला पाठवला असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तोवर बरं वाटू लागतं आणि तो आणायचा राहून जातो. तो आणा, आणि डॉक्टरांना दाखवूनच फाइल बंद करा.