तलंग की कोंबडा? परसातल्या पिल्लांमधला नर ओळखायचा कसा

खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून आणा, आठवडी बाजारातून आणा की गावाकडच्या खुडूक कोंबडीखालची आणा, पिल्लं सरमिसळच मिळाली असतील तर निम्मे नर आणि निम्म्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, निघणार हे धरूनच चालावं. एक दिवसाच्या गावरान पिल्लाकडे नुसतं बघून काही कळत नाही. गुदद्वार उघडून तपासण्याची पद्धत आहे, पण ती शिकलेल्या हातांचं काम आहे. घरी करायला गेलात तर नाजूक पिल्लू दगावतं. पंखांच्या पिसांच्या लांबीवरून ओळखणं फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या संकरात चालतं. टोकदार अंड्यातून नर निघतो, हे तर सोडूनच द्या. कोंबड्यांमध्ये लिंग ठरतं ते आईच्या बीजावर, आणि तेही कवच चढण्याच्या आधीच.

एकट्या पिल्लाला बघून निकाल देऊ नका. एकाच जातीची, एकाच दिवशी निघालेली पिल्लं शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लास्टिकचं कडं घाला आणि दर रविवारी एकाच बाजूने डोक्याचा फोटो काढा. पाय भराभर जाड होतो, म्हणून कडं सैल फिरतंय ना हे त्याच वेळी बघा. घट्ट झालेलं कडं कातडीत रुततं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून तुरा बोलायला लागतो. नराचा तुरा रुंद होतो, गुलाबी-लाल दिसतो आणि चोचीखाली गलोल, म्हणजे लोंबत्या लाल कातडीच्या पाळ्या, फुटायला लागतात. तलंगेचा तुरा त्या वयात बारीक, फिकट पिवळसर असतो. आठव्या आठवड्यापर्यंत गावरान आणि ऱ्होड आयलंड रेड जातीत हा फरक बहुधा स्पष्ट दिसतो. कडकनाथचा तुरा मात्र काळपट, त्यामुळे तिथे लाली शोधू नका, आकार बघा. असील जातीचा तुरा मुळातच आखूड आणि डोक्याला चिकटलेला, तिथे तर पिसांची वाटच बघावी लागते. आणखी एक अडचण अशी की तुरा वाढतो नराच्या संप्रेरकावर, आणि कळपात सतत मार खाणाऱ्या, दबलेल्या नराचा तुरा मागे राहतो. असा नर महिना-महिना तलंग म्हणून खपून जातो.

खरा पुरावा मिळतो १२ आठवड्यांच्या आसपास, पाठीवर. संध्याकाळी पिल्लं दांडीवर बसली की एकेक उचला. पंख दाबून काखेत धरा, शेपूट आपल्या समोर येऊ द्या. आता शेपटीच्या अलीकडची, कमरेवरची पिसं बोटाने उलटी सारा आणि टॉर्च मारा. वरची जुनी पिसं दोघांचीही गोलच असतात, त्यांच्यावर जाऊ नका. खालून नळीतून नुकतं बाहेर येणारं नवं पीस बघा. ते अरुंद, चकचकीत आणि भाल्यासारखं टोकदार असेल तर नर. रुंद आणि टोकाला गोल असेल तर तलंग. मानेवरच्या पिसांतही असाच फरक पडतो, पण तलंगेच्या मानेची पिसंही थोडी निमुळती असतात, म्हणून कमरेवरचा निकाल अधिक पक्का. मादीच्या इस्ट्रोजेनमुळे पिसाचं टोक गोल होतं. ते नसलं की पीस आपोआप लांब आणि टोकदार येतं. म्हणूनच दबलेला नर तुऱ्यात फसवतो, पण पिसात फसवत नाही.

छाती पुढे काढून भांडणं ही खूण धरू नका, तलंगाही भांडतात. पायामागच्या आरीचा, म्हणजे टोकदार नखीचा, कोंबही लहानपणी दोघांना असतो. आरवण्याची वाट बघितली तर काही नर पाच महिने गप्प राहतात.

मोठी चूक होते ती १८ ते २० आठवड्यांत. तलंगेचा तुरा अचानक लालभडक होतो आणि लोक तिला कोंबडा समजून विकून टाकतात. ती अंड्यावर आलेली असते! पाठीवर हात ठेवला की ती खाली दबून बसते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये आधी जेमतेम एक बोट मावायचं, आता दोन मावतात.

नर नक्की झाले की वेगळे काढा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही; पिल्लं काढायची असतील तर ८ ते १० कोंबड्यांमागे एक पुरतो. सोसायटीला किंवा बंगल्याच्या भिंतीला लागून खुराडं असेल तर आरवणं सुरू होण्याआधीच त्याची सोय लावा, पहाटे चारला शेजाऱ्यांशी वाद नको. आणि वेगळ्या काढलेल्या नरांना लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. नराला ते लागत नाही आणि महिनोन्‌महिने खाल्लं तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या वयाच्या पिल्लांचं, खाद्यच चालू ठेवा, आणि तलंगांनाही पहिलं अंडं येईपर्यंत तेच.