अ‍ॅक्रिलामाइडची जैविक तपासणी: नमुना घेण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

अ‍ॅक्रिलामाइड हे कारखान्यांत आणि बांधकामात वापरलं जाणारं विषारी रसायन; ते कामगाराच्या शरीरात किती गेलं, हे लघवी किंवा रक्तातून तपासतात. या तपासणीत यंत्र सहसा दगा देत नाही. घोळ होतो तो नमुना घेताना आणि अहवाल वाचताना. म्हणून लघवी घ्यायची की रक्त, हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: आपल्याला नेमक्या कोणत्या दिवसांचा हिशेब हवा आहे?

लघवीतली मर्कॅप्च्युरिक आम्लं, म्हणजे हे रसायन बाहेर टाकताना शरीरात बनणारे पदार्थ (अ‍ॅक्रिलामाइडपासून एएएमए आणि शरीरात त्याच्यापासून तयार होणाऱ्या ग्लायसिडामाइडपासून जीएएमए), काल-परवाचंच सांगतात. शुक्रवारी ग्राउटिंगचं (भेगांत द्रावण भरून त्या बुजवण्याचं) काम झालं आणि नमुना सोमवारी सकाळी घेतला, तर आकडा कमीच येणार. त्यावरून ‘संपर्क झालाच नाही’ असं लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे. लघवीचा नमुना कामाची पाळी संपताना घ्या, वेळ लिहून ठेवा.

जुना संपर्क शोधायचा असेल, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला अ‍ॅक्रिलामाइड चिकटून बनलेली संयुगं, म्हणजे अ‍ॅडक्ट, मोजा. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि अ‍ॅडक्ट तिच्यासोबतच जातो. इथे हिशेब मात्र नीट मांडा. एकाच दिवशी अपघाताने संपर्क झाला असेल, तर 60 दिवसांनी साधारण निम्मे अ‍ॅडक्ट उरतात. महिनोन्‌महिने रोज संपर्क होता आणि मग काम थांबलं, तर तेवढ्याच काळात पाव भागच उरतो, कारण अ‍ॅडक्टचा मोठा वाटा म्हाताऱ्या पेशींत असतो आणि त्याच आधी मरतात. दोन्ही प्रसंगांना एकच सूत्र लावलं की मूळ संपर्काचा अंदाज साफ चुकतो. रक्तस्रावानंतर, रक्त चढवल्यावर किंवा पेशी लवकर फुटणाऱ्या आजारात तर हे गणित लागूच होत नाही. तेव्हा त्याबद्दल आधीच विचारा.

‘संपर्क नसलेल्या माणसात शून्य यायला हवं’ हा समज मुळापासून काढून टाका. स्वीडनमधल्या हॅलांडसॉस बोगद्यात 1997 मध्ये अ‍ॅक्रिलामाइड असलेल्या ग्राउटची गळती झाली. कामगारांच्या रक्ताशी तुलना करायला बाहेरच्या लोकांचे नमुने घेतले, तर त्यांच्यातही अ‍ॅडक्ट सापडले. त्याच धाग्यावरून शोध अन्नापर्यंत पोहोचला आणि तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड असतं, हे 2002 मध्ये जाहीर झालं. तुलना-गट नसेल, तर एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

धूम्रपानाबद्दल फक्त तोंडी विचारून थांबू नका, कोटिनिनही (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) मोजा. धूम्रपान करणाऱ्यांत अ‍ॅडक्टची पातळी इतरांच्या कित्येक पट असू शकते. एक ‘नाही’ चुकीचं नोंदलं गेलं की कारखान्यावर खोटा ठपका येतो, किंवा खरा दोष झाकला जातो.

हवेचा नमुना स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, हे कळकळीने सांगतो. अ‍ॅक्रिलामाइड त्वचेतून सहज शिरतं. हातमोज्याच्या आत गेलेला द्रावणाचा थेंब हवेच्या पंपाला कधीच दिसत नाही.

फक्त एएएमए मोजलं, तर ग्लायसिडामाइडची बाजू सुटते, आणि डीएनएला चिकटतं ते मुख्यतः तेच. दोन्ही मोजा.

लघवी फार पातळ किंवा फार दाट असेल, म्हणजे क्रिएटिनिन (लघवी किती दाट आहे ते दाखवणारा पदार्थ) लिटरमागे 0.3 ग्रॅमपेक्षा कमी किंवा 3 ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर दुरुस्तीचं गणित करत बसू नका, नवा नमुना मागवा. आणि दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवण्याआधी एकक पाहा: आकडा हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे आहे की ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या)?